क्लोंडाइकच्या गोठलेल्या जमिनीतून सोनं कसं निघायचं

कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात १६ ऑगस्ट १८९६ रोजी सोनं सापडलं. बाहेरच्या जगाला ते कळलं जुलै १८९७ मध्ये, आणि ती बातमी ऐकून घर सोडलेले बहुतेक लोक तिथे पोहोचले जून १८९८ मध्ये. म्हणजे शोध लागल्यापासून गर्दी येईपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली. तिथे तार नव्हती, रस्ता नव्हता आणि युकॉन नदी वर्षातले सात महिने गोठलेली असे. पहिल्या हिवाळ्यात सोनं काढलेल्यांना ते घेऊन बाहेर पडायला उन्हाळ्याची वाट पाहावी लागली. 'एक्सेल्सियर' बोट सॅन फ्रान्सिस्कोला आणि 'पोर्टलंड' बोट सिएटलला लागली तेव्हा कुठे लोकांना ते सोनं दिसलं. ते पाहून निघालेल्यांचाही पुढचा हिवाळा डोंगरात आणि गोठलेल्या तळ्यांच्या काठी गेला.

क्लोंडाइक समजून घ्यायचं तर नजर सोन्यावर न ठेवता बर्फावर ठेवावी. कधी चालायचं, कधी खणायचं, कधी धुवायचं आणि पैसे हातात कधी पडणार, या सगळ्याचा निर्णय बर्फच करत होता.

एक टन सामान, तीस खेपा

सर्वांत जास्त वापरला गेलेला मार्ग असा: सिएटल किंवा व्हँकुव्हरहून बोटीने अलास्कातल्या डाया गावी, तिथून चिलकूट खिंड चढून कॅनडाच्या हद्दीत, पुढे लिंडमन आणि बेनेट या तळ्यांपर्यंत. डाया ते बेनेट हे अंतर सुमारे ५३ किलोमीटर. सडा माणूस दोन-तीन दिवसांत चालून जाईल. पण खिंडीच्या माथ्यावर नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांची चौकी होती आणि वर्षभराची शिधासामग्री नसलेल्याला ते परत पाठवत. नुसतं अन्नच सुमारे ११५० पौंड, म्हणजे ५२० किलो लागे. त्यात तंबू, चूल, हत्यारं, दोर, खिळे धरले की ओझं एक टनाच्या आसपास जाई.

हा नियम जाचक वाटतो, पण त्याला ठोस कारण होतं. १८९७ च्या शरद ऋतूत अन्न घेऊन येणाऱ्या बोटी उथळ पाण्यात अडकल्या आणि सोन्याच्या ओढ्यांजवळच्या डॉसन गावात उपासमारीची वेळ आली. पुढच्या वर्षी येणाऱ्या हजारोंना पोसण्याइतकं धान्य तिथे कुठूनच येणार नव्हतं. माझ्या मते या गर्दीतले सर्वांत जास्त जीव कुठल्या एका निर्णयाने वाचले असतील तर ते याच निर्णयाने.

त्या काळच्या सामानाच्या याद्यांमध्ये एका माणसासाठी साधारण १८० किलो पीठ, ७० ते ९० किलो खारवलेलं डुकराचं मांस, ४५ किलो घेवड्याचे वाळलेले दाणे, जवळपास तेवढीच साखर, शिवाय ओट्स, सुकवलेली सफरचंदं, कॉफी, चहा, मीठ, सोडा, मेणबत्त्या आणि काड्यापेट्या असत. हत्यारांत कुदळ, फावडं, परात, कुऱ्हाड, मोठी करवत आणि होडीच्या फटी बुजवायला डांबर व ताग.

आता खेपांचा हिशोब पाहा. माणूस पाठीवर एका वेळी साधारण ३० किलो नेई. ९०० किलोला ३० खेपा. तीस वेळा भरल्या पाठीने पुढे आणि एकोणतीस वेळा रिकामं मागे, म्हणजे तोच रस्ता ५९ वेळा. ५३ किलोमीटरच्या वाटेसाठी हे चालणं तीन हजार किलोमीटरच्या वर जातं. म्हणून कोणी सगळी वाट एका दमात चालत नसे. काही किलोमीटरचा टप्पा घ्यायचा, सगळं सामान तिथे आणून ढीग घालायचा, ढिगात उंच काठी रोवायची (नाहीतर रात्रीच्या बर्फाखाली ढीग सापडत नसे), मग पुढचा टप्पा. सपाट भागात घसरगाडीमुळे काम हलकं होई, तरीही धडधाकट माणसाला लिंडमन तळं गाठायला तीनेक महिने लागत.

शेवटची चढण सुमारे ३०० मीटरची आणि इतकी उभी, की तिथे घोडा चालत नसे. हिवाळ्यात बर्फात सुमारे १५०० पायऱ्या कोरलेल्या होत्या. वाट एकाच माणसाच्या रुंदीची. दम खायला जो रांगेबाहेर पडला, त्याला परत आत शिरायला तासन् तास थांबावं लागे. ज्यांच्याकडे पैसे होते ते हमाल लावत. हे काम बहुतांशी तिथले मूळ रहिवासी त्लिंगित लोक करत आणि गर्दीच्या काळात दर पौंडाला एक डॉलरपर्यंत चढला होता. त्यांना डोंगर ठाऊक होता. ३ एप्रिल १८९८ रोजी, मोठ्या बर्फवृष्टीनंतर, त्यांनी वर जायला नकार दिला. जे तरीही गेले त्यांच्यावर हिमकडा कोसळला आणि साठहून अधिक माणसं गाडली गेली.

शेजारच्या स्कॅगवे गावातून जाणारी व्हाइट पासची वाट कमी उंच होती, म्हणून लोकांनी तिथे घोडे घातले. म्हातारे, खंगलेले घोडे चढ्या भावाने विकले गेले आणि आयुष्यात कधी जनावरावर ओझं न बांधलेल्या माणसांनी ते लादले. चिखल, धोंडे आणि वैरणीचा अभाव यांत सुमारे तीन हजार जनावरं मेली. ही हानी टाळता आली असती, म्हणून ती जास्त सलते.

तळ्याकाठी होडी

बेनेट तळ्यापासून डॉसनपर्यंत आठशे किलोमीटरहून अधिक जलमार्ग होता, आणि होडी ज्याची त्याने बांधायची. दोन पुरुष उंचीचा मचाण बांधून त्यावर ओंडका चढवत, ओंडक्यावर दोरीने सरळ रेघ मारत. एक जण वर उभा राहून करवत रेघेवर धरी आणि वर ओढी. दुसरा खाली उभा राहून ती खाली खेची. कापलं जाई ते खाली येताना, आणि भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत. फळी वाकडी निघाली की वरचा खालच्याला दोष देई आणि खालचा वरच्याला. खिंडीत एकमेकांना सांभाळलेले कित्येक जोडीदार या मचाणाशी येऊन वेगळे झाले. लाकूड ओलं असल्यामुळे वाळताना आकसून फटी पडत. त्यांत ताग ठोकून वर गरम डांबर ओतावं लागे, आणि ते कमी पडलं तर होडी पहिल्याच दिवशी पाणी घेई.

२९ मे १८९८ ला बेनेटचा बर्फ फुटला आणि पुढच्या काही दिवसांत सात हजारांवर होड्या सुटल्या. पोलिसांचे अधिकारी सॅम स्टील यांनी प्रत्येक होडीला क्रमांक घालून बसणाऱ्यांची नावं लिहून घेतली होती. व्हाइट हॉर्सच्या धावत्या पाण्यात सुरुवातीलाच शेकड्यावर होड्या फुटल्या, तेव्हा त्यांनी हुकूम काढला: बायका-मुलांनी काठाने चालत जायचं, आणि होडी माहितगार नावाड्यानेच न्यायची.

क्लेम: खुंट, नोंदणी आणि वेळ

ओढ्याकाठचा जो तुकडा खणायचा हक्क मिळे, त्याला क्लेम म्हणत. आधी दहा डॉलर भरून खाणकामाचा परवाना घ्यायचा. मग जागा निवडून चार फूट उंचीचे खुंट रोवायचे, खुंटाचा वरचा भाग तासून सपाट करायचा आणि त्यावर नाव, तारीख नि मागितलेली लांबी लिहायची. नोंदणी कचेरी दहा मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत नोंद, त्यापुढे दर दहा मैलांना एक दिवस जादा. नोंदणीचे १५ डॉलर. सुरुवातीच्या काळात क्लेम ओढ्याच्या दिशेने ५०० फूट आणि रुंदीला खोऱ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असे; पुढे ही लांबी कमी केली गेली. एका माणसाला एका भागात एकच क्लेम. फक्त शोध लावणाऱ्याला दोन.

रॅबिट क्रीकवरचा तो दुहेरी क्लेम जॉर्ज कारमॅकच्या नावे झाला. त्याच्याबरोबर टॅगिश या मूळ रहिवासी जमातीतली त्याची पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली हे होते. सोनं आधी कोणाला दिसलं यावर वाद आहे, पण मूळ रहिवासी माणसाचा शोधकाचा हक्क कोणी मानणार नाही हे त्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि काळ पाहता ते गृहीतक वास्तवच होतं. त्या क्लेमपासून ओढ्याच्या वरच्या बाजूला 'एक वर', 'दोन वर' आणि खालच्या बाजूला 'एक खाली' असे क्रमांक पडत गेले. ओढ्याचं नाव बदलून बोनान्झा झालं.

घाईत दोऱ्यांनी केलेली मोजणी चुकलेली होती. सरकारी भूमापक विल्यम ओगिल्वी यांनी फेरमोजणी केली तेव्हा काही क्लेम नियमापेक्षा लांब निघाले आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्या मोकळ्या झाल्या. त्यातली बोनान्झावरची ८६ फुटांची पट्टी डिक लोव याने घेतली. त्याच्या पहिल्या खड्ड्यात काहीच लागलं नाही. दुसऱ्यात मात्र क्लोंडाइकमधल्या सर्वांत श्रीमंत ठिकाणांपैकी एक लागलं. एवढ्याशा जागेत असं का झालं, हे कळायला जमिनीच्या आत जावं लागेल.

जमीन वितळवणं

सोनं वाळूच्या सातपट जड. पाण्याबरोबर वाहताना ते जमेल तिथे खाली बसतं आणि खडी हलत राहिली की खडीतून आणखी खाली सरकत शेवटी अखंड खडकावर येऊन थांबतं. क्लोंडाइकच्या ओढ्यांवरून हिमयुगातल्या हिमनद्या सरकल्या नाहीत, त्यामुळे लाखो वर्षांची ही साठवण जागेवरच राहिली. पण ती सध्याच्या ओढ्याखाली असेलच असं नाही. ओढ्याने पात्र बदललेलं असतं. सोनं असतं जुन्या पात्राच्या तळाशी, नागमोडी अरुंद पदरात. लोवचा पहिला खड्डा त्या पदराच्या बाहेर पडला होता.

वरून पाहिलं तर आधी शेवाळ, मग कुजलेल्या वनस्पतींचा काळा गाळ, त्याखाली खडी आणि मग खडक. खडकापर्यंतची खोली कुठे तीन मीटर, कुठे दहाहून जास्त. आणि हे सगळं बारा महिने गोठलेलं. कुदळ मारली तर ठिणग्या उडत. उन्हाळ्यात वरचा हात-दीड हात थर तेवढा सुटे.

मग उन्हाळ्यात खणलं तर? खड्ड्यात पाणी भरे आणि भिंती ढासळत. म्हणून काम हिवाळ्यात चाले. गोठलेल्या भिंतींना टेकू लागत नाही आणि पाणीही नसतं. पद्धत अशी: संध्याकाळी सुमारे चार फूट गुणिले सहा फूट जागेत सुकी लाकडं रचून पेटवायची, वर ओली लाकडं घालायची म्हणजे जाळ लवकर न संपता उष्णता खाली राहते. रात्रभर जळल्यावर सकाळी राख काढायची. जमीन जेमतेम फूटभर मऊ झालेली असे. ती खणून काढायची, संध्याकाळी पुन्हा आग. सहा मीटर उतरायला किमान वीस आगी, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर तीन आठवडे. एवढं करून खडकावर सोनं नसेल तर दुसऱ्या जागी पहिल्यापासून.

सहा-सात फुटांनंतर माती वर फेकता येत नाही. मग खड्ड्याच्या तोंडावर दोन खांब, त्यावर आडवा ओंडका आणि हाताने फिरवायची मूठ असा रहाट बसे. एक जण खाली बादली भरी, दुसरा वर ओढून रिकामी करी. एकट्या माणसाने बादली भरून, शिडी चढून, ओढून, परत उतरायचं म्हटलं तर काम निम्म्याहूनही कमी होई. जोडीदाराशी भांडण परवडत नसे ते याच कारणाने.

खडक लागला की आग आडवी लावायची आणि पदर जिकडे जाईल तिकडे खडकालगत बोगदा काढत जायचं. इथे मोठा धोका धुराचा. आगीनंतर तळाशी कार्बन मोनॉक्साइड साचून राहतो. त्याला वास नसतो. मेणबत्ती विझली तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं, पण या विषारी वायूत ती शांतपणे जळत राहते. घाईने उतरलेला माणूस आधी डोकेदुखीची तक्रार करी आणि मग खाली कोसळे. वरचा जोडीदार जागेवर असेल तरच तो वाचे.

या पद्धतीला लाकूड अफाट लागे. एकेका क्लेममागे टेकडीचा उतार उघडा पडत गेला आणि दर महिन्याला लाकूड आणखी दुरून ओढून आणावं लागलं. पुढे बाष्पक (बॉयलर) आणून वाफेच्या नळ्या जमिनीत ठोकण्याची पद्धत आली. ती वेगवान आणि बिनधुराची, पण बाष्पकाला भांडवल लागे, आणि तिथून साध्या माणसाचा खेळ संपत गेला.

परात चाचणीला, पन्हळ कामाला

चित्रांमध्ये दिसणारी परात हे मुख्यतः चाचणीचं साधन. दोन फावडी खडी परातीत घ्यायची, पाण्याखाली धरून गोल हलवायची, हलकी वाळू कडेवरून जाऊ द्यायची. शेवटी काळी लोहयुक्त वाळू आणि सोन्याचे कण राहतात. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे झारेकरी याच तत्त्वावर काम करतात. हिवाळ्यात खाणकरी रोज एक-दोन पराती खोलीत आणून वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात धूत, कारण पदर चुकतोय का हे दुसऱ्या कशानेच कळत नसे. त्या काळी एका परातीत दहा सेंटचं सोनं आलं तरी जागा चांगली मानत.

बाकीची सगळी खडी वर ढीग होऊन पुन्हा गोठे. ती धुतली जाई मे-जूनमध्ये, ओढा वाहू लागला की, लाकडी पन्हळींतून. एक पन्हळ सुमारे बारा फूट लांब. एक टोक अरुंद, म्हणजे एकीचं तोंड दुसरीत बसतं. तळाशी आडव्या पट्ट्या. बारा फुटांना सहा ते बारा इंच उतार. उतार जास्त झाला तर बारीक सोनं वाहून जाई. कमी झाला तर पट्ट्यांमध्ये वाळू घट्ट बसून सोन्याला जागाच उरत नसे. चिकणमातीचे गोळे न फोडता सोडले तर ते सोनं कवटाळून थेट बाहेर जात. बारीक कण धरायला पट्ट्यांत पारा घालत. मग तो सोन्यासकट गोळा करून तापवायचा आणि उडवून द्यायचा. त्या वाफेने शरीराचं काय होतं याची फिकीर फारच थोड्यांना होती.

मेमध्ये रात्री पाणी गोठे, म्हणून काम दिवसाच. बर्फ एकदम वितळला तर पूर बंधारा आणि पन्हळी घेऊन जाई. आणि उन्हाळा कोरडा गेला तर ओढा आटून अर्धा ढीग तसाच राही. वर्षभराच्या श्रमाचा निकाल या थोड्या आठवड्यांत लागे. तोपर्यंत क्लेमचा मालकसुद्धा कागदावरच श्रीमंत असे आणि मजुरांचे पैसे बहुधा धुणीनंतरच देई.

निघालेल्या सोन्यात चांदी मिसळलेली असे. शुद्ध सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता, पण डॉसनच्या दुकानांत धुळीसारखं सोनं १६ डॉलरने चाले. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, जुन्या मापाने दोन तोळे आठ मासे. सरकार दहा टक्के रॉयल्टी घेई, तीही एकूण उत्पन्नावर. लाकूड, मजुरी, वाहतूक यांचा खर्च वजा होत नसे. १८९८ मध्ये पहिल्या अडीच हजार डॉलरना सूट मिळाली, तरी मध्यम क्लेमवाल्यांचा राग गेला नाही, आणि तो रास्त होता.

खोली, जेवण, आजार

ओंडक्यांची एक खोली, फटींत शेवाळ, छपरावर माती, मधोमध पत्र्याची चूल. काच नसे, म्हणून खिडकीत रिकाम्या बाटल्या रचत. डिसेंबरात उजेड चारेक तास. पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो, आणि तिथली थंडी त्याखालीही उतरे. अशा थंडीत घाम हा शत्रू: ओले मोजे थांबल्याबरोबर बर्फ होत, म्हणून हलक्या हाताने काम करणं आणि मोजे बदलणं हे कुदळ चालवण्याइतकंच महत्त्वाचं कौशल्य होतं. जुने लोक पिठाचं आंबवण जपून ठेवत. रात्री ते थंडीत मेलं तर पुढचे कित्येक दिवस पाव फुगत नसे.

पीठ, घेवडा आणि खारवलेलं मांस यांत क जीवनसत्त्व नाही. दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजत, रक्त येई, पाय काळेनिळे पडत, बोटाने दाबलेला खड्डा तसाच राही. हा स्कर्व्ही. उपाय दाराबाहेर उभा होता: स्प्रूसच्या सुयांसारख्या पानांचा काढा, किंवा ताजं, कमी शिजवलेलं मांस. मूळ रहिवाशांना हे माहीत होतं. ज्यांनी त्यांचं ऐकलं ते सावरले. डॉसन मात्र दलदलीवर वसलेलं. १८९८ च्या उन्हाळ्यात तिथे हजारो माणसं आली, संडासाचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि विषमज्वर पसरला.

या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत तिथल्या मूळ रहिवासी हान लोकांनी दिली. क्लोंडाइकच्या मुखाशी त्यांचा साल्मन मासेमारीचा जुना तळ होता. गर्दीपुढे त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक आपल्या लोकांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड या जागी गेले. मागे जंगल तुटलं आणि शिकार नाहीशी झाली.

उशिरा आलेले

सुमारे एक लाख माणसं घरून निघाली, तीस ते चाळीस हजार पोहोचली आणि त्यांतल्या साधारण चार हजारांना सोनं लागलं. जून १८९८ मध्ये उतरलेल्यांना कळलं की चांगल्या ओढ्यांवरचे क्लेम दीड वर्षांपूर्वीच घेतले गेले आहेत. मग मजुरी उरली: तासाला दीड डॉलर. घरी दिवसाला मिळे ते इथे दीड तासात, पण खाण्याचे भावही त्याच पटीत चढलेले. दुसरा पर्याय म्हणजे कोणाचा तरी क्लेम अर्धलीने खणणं. त्यात वसंतातला ढीग कोरडा निघाला तर हिवाळाभराची मेहनत फुकट.

एक वाट मात्र नवख्यांनाच दिसली. जुने जाणते म्हणत, सोनं खोऱ्याच्या तळाशी असतं. नवखे टेकडीवर खणू लागले तेव्हा त्यांना हसले. पण फार पूर्वी ओढा उंचावरून वाहायचा आणि त्या पात्राची पांढरी खडी टेकड्यांच्या उतारावर शिल्लक होती, सोन्यासकट. बोनान्झाकाठच्या चीचाको हिलला, म्हणजे नवख्यांच्या टेकडीला, ते नाव अशानेच मिळालं.

१८९९ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या किनाऱ्यावर नोम इथे समुद्राच्या वाळूत सोनं सापडलं. ती वाळू गोठलेली नव्हती, खड्डा लागत नव्हता, लाकूड जाळावं लागत नव्हतं, आणि पुळणीवर क्लेम घेता येत नसल्यामुळे फावडं नि धुण्याची पेटी घेऊन कोणीही उभा राहू शकत होता. ऑगस्टमध्ये एका आठवड्यात सुमारे आठ हजार माणसांनी डॉसन सोडलं.